लुटुपुटीची लढाई आणि ऑरग्रीव्हचे मैदान

इंग्लंडमधील सुखवस्तू कुटुंबाच्या उन्हाळ्यात एक ठराविक रविवार असतो. न्याहारी आटोपून मोटारीत सँडविचचे डबे, छत्र्या आणि मुले कोंबायची. तास-दीड तासाच्या वाटेवरील एखाद्या पडक्या किल्ल्याच्या किंवा उमरावाच्या हवेलीच्या आवारात पोचायचे. गवतात मोटार उभी करून तिकिटे काढायची आणि बांधलेल्या दोरीच्या अलीकडे सतरंजी पसरून बसायचे. दोरीच्या पलीकडे लढाई असते. नगारे वाजतात, लांब भाले घेतलेल्या पलटणी एकमेकींवर चालून जातात, तोड्याच्या बंदुकांतून आणि तोफांतून नुसत्या दारूचा धूर निघतो, आणि कोण राजाचा व कोण पार्लमेंटचा हे निवेदक ध्वनिक्षेपकावरून समजावून सांगत असतो. तासाभरात निकाल लागतो. मेलेले उठून कपडे झटकतात, जिंकलेले व हरलेले एका ओळीत उभे राहून वंदन करतात, टाळ्या पडतात. मुलांना लाकडी तलवार घेऊन दिली जाते, बापमंडळी बिअरच्या तंबूकडे वळतात, आणि दिवेलागणीला सारे घरी पोचतात.

‘यात वाईट ते काय?’ असे लगोलग विचारले जाईल. लोक मोकळ्या हवेत येतात, मुलांना शाळेच्या पुस्तकाबाहेरचा इतिहास दिसतो, कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही. शिवाय मैदानात लढणारे कोणी उमराव नव्हेत. आठवडाभर कचेरीत, शाळेत, कारखान्यात राबून रात्री जागून स्वतःच्या हातांनी डगले शिवणारे, जुन्या कवायतीच्या पोथ्या धुंडाळणारे हे हौशी लोक आहेत. त्यांची टर उडविण्याचे काहीच कारण नाही. गतकाळातील सामान्य शिपाई काय खात होता, त्याच्या पायात कसले जोडे होते, याची जेवढी चौकशी या मंडळींनी केली आहे तेवढी पुष्कळशा पगारी प्राध्यापकांनीही केलेली नाही. प्रश्न त्यांच्या हौसेचा नाही. ती हौस कोणता इतिहास उभा करते, आणि कोणता गाडून टाकते, हा आहे.

इंग्लंडमधील या प्रकारच्या संस्थांत सर्वांत नामांकित असलेली ‘सील्ड नॉट’ १९६८ साली ब्रिगेडियर पीटर यंग यांनी स्थापन केली. यंग हे दुसऱ्या महायुद्धातील कमांडो अधिकारी आणि युद्धांचे इतिहासकार. संस्थेचे नाव त्यांनी कोठून उचलले? राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाल्यानंतर, १६५० च्या दशकात, राजेशाही परत आणण्यासाठी कारस्थाने करणारी उमरावांची एक गुप्त मंडळी होती. तिचे हे नाव. आज संस्थेत दोन्ही बाजूंच्या पलटणी आहेत आणि राजकारणाशी आपला काही संबंध नाही असे ती सांगते. ते खरे मानावयास हरकत नाही. पण ज्या यादवीत एका राष्ट्राने आपल्या राजाला गुन्हेगार ठरवून कुऱ्हाडीखाली घातले, ती यादवी राजकारणाविना दाखवायची म्हणजे त्यातून काय काय वगळावे लागत असेल, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

नेस्बीची लढाई १४ जून १६४५ रोजी झाली. फेअरफॅक्स व क्रॉमवेल यांच्या नव्या सेनेने राजाची फौज मोडून काढली. घोडदळाच्या चढाया, पायदळाची रेटारेटी हे सारे देखाव्याला सोयीचे आहे. लढाई संपल्यावर विजयी सैनिकांनी राजाच्या छावणीतील शंभराच्या वर निःशस्त्र स्त्रियांची कत्तल केली. सतरंजीवर बसलेल्या कुटुंबापुढे त्याला जागा कशी असणार? दोन वर्षांनी, १६४७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्याच सेनेतील साध्या शिपायांचे प्रतिनिधी लंडनजवळच्या पुटनी येथील चर्चमध्ये सेनापतींच्या समोर बसले आणि ज्याच्याजवळ जमीन नाही त्याला मताचा अधिकार का नसावा, असा रोकडा सवाल त्यांनी केला. मालमत्तेला धोका पोचेल हे त्यावर सेनापतींच्या बाजूचे उत्तर होते. युरोपच्या इतिहासात क्वचितच इतका नाट्यपूर्ण प्रसंग सापडेल. परंतु त्यात तोफा नाहीत, म्हणून तो ‘लढाई’ नव्हे.

आणि बर्फर्ड? १६४९ साली थकलेल्या पगारासाठी आणि आयर्लंडवर चालून जाण्यास नकार देऊन काही पलटणींनी बंड केले. लेव्हलर्स म्हणजे समतावाले म्हणून ओळखल्या गेलेल्या या शिपायांवर क्रॉमवेलने मे महिन्यातील एका रात्री छापा घातला, तीनशेच्या वर बंडखोर ऑक्सफर्डशायरमधील बर्फर्डच्या चर्चमध्ये कोंडले आणि १७ मे रोजी त्यांतील तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या. अँथनी सेडली नावाच्या एका कैद्याने बाप्तिस्म्याच्या पात्रावर आपले नाव, साल आणि आपण कैदी आहोत एवढेच कोरून ठेवले. ते आजही वाचता येते. १९७५ पासून तेथे दरवर्षी मे महिन्यात ‘लेव्हलर्स दिन’ पाळला जातो. त्याची सुरुवात कामगार शिक्षणाच्या चळवळीतील लोकांनी केली. पुढच्याच वर्षी तेथे टोनी बेन यांचे भाषण झाले. बर्फर्डलाही लोक एका दिवसासाठी सहकुटुंब येतात, गाणी होतात, मिरवणूक निघते, खाणेपिणे होते. फरक इतकाच, की तेथे दोरी बांधलेली नसते.

दोरीचे काम नुसते प्रेक्षकांना घोड्यांपासून वाचविणे हे नाही. दोरीच्या पलीकडे दोन सेना समोरासमोर उभ्या केल्या की त्या आपोआप समान होतात. दोघांनाही झेंडे, दोघांनाही नगारे, दोघेही शूर. कोण कशासाठी लढला हे निवेदकाच्या दोन वाक्यांत उरकते आणि उरलेला तासभर कोण कसा लढला याच्याकडे डोळे लागतात. हीच गोष्ट वॉटर्लूच्या द्विशताब्दीला, २०१५ साली, बेल्जियममध्ये हजारो गणवेशधारी हौशी सैनिकांनी अवाढव्य प्रमाणावर करून दाखविली. इतिहास ‘तटस्थपणे’ दाखविला असे म्हणणाऱ्यांनी वर्गसंबंध वगळले आणि पोशाख तेवढे ठेवले, असाच याचा अर्थ होतो.

तर मग एक कसोटी लावून पाहावी. लढाईतील जखमी अजून जिवंत आहेत, लाठी चालविणारेही जिवंत आहेत आणि राज्ययंत्रणेने त्या दिवसाविषयी खोटे सांगितले असे एका बाजूचे म्हणणे आहे, अशी लढाई या हौशी पलटणींना मैदानात उभी करायला सांगितली तर काय होईल? ही कल्पनेतील गोष्ट नव्हे. हे इंग्लंडमध्ये १७ जून २००१ रोजी, रविवारीच, घडले आहे.

जेरेमी डेलर हा लंडनचा कलावंत. १९८४ च्या जूनमध्ये तो शाळकरी वयाचा होता. घोडेस्वार पोलीस खाणकामगारांना शेतातून पिटाळीत आहेत हे दृश्य त्याने तेव्हा दूरदर्शनवर पाहिले, आणि ते त्याच्या मनातून गेले नाही. ‘आर्टएंजल’ या संस्थेच्या साहाय्याने त्याने ऑरग्रीव्ह येथील त्या संघर्षाचा देखावा मूळ जागेच्या परिसरातच उभा करण्याचे ठरविले. योजनेची सूत्रे हॉवर्ड जाइल्स यांच्याकडे होती. सरकारी पुरातन वास्तूंच्या आवारात होणाऱ्या अशाच ऐतिहासिक देखाव्यांची व्यवस्था त्यांनी पूर्वी पाहिलेली होती. देशभरातील अशा संस्थांतून शेकडो हौशी सैनिक आले. एरवी राजाचे भालाईत, रोमन शिपाई किंवा व्हायकिंग होणारे हे लोक पोलीस आणि निदर्शक झाले. आणि त्यांच्यासोबत मैदानात उतरले दोनशेहून अधिक माजी खाणकामगार व त्यांच्या गावचे लोक. त्या संपाविषयी डेलरने नंतर जे पुस्तक काढले त्याचे नावच मुळी ‘इंग्लंडची यादवी : भाग दुसरा’ असे आहे.

मूळ घटना ध्यानात घेतल्यावाचून या प्रयोगाचे मोल कळणार नाही. १९८४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला; वीस हजार नोकऱ्या त्यात जाणार होत्या. वर्षभर चाललेल्या संपाचे हे निमित्त. खरा बेत याहून फार मोठा आहे असे संघटनेचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल सांगत होते आणि सरकार ते धादांत खोटे ठरवीत होते. तीस वर्षांनी, २०१४ च्या जानेवारीत, मंत्रिमंडळाचे दप्तर खुले झाले तेव्हा त्यात पंचाहत्तर खाणी बंद करण्याची योजना निघाली. असो. रॉदरहॅमजवळच्या ऑरग्रीव्ह येथील भट्ट्यांतून स्कन्थॉर्पच्या पोलाद कारखान्याकडे कोक घेऊन मालमोटारी जात होत्या. त्या अडविण्यासाठी १८ जून १९८४ रोजी हजारो खाणकामगार तेथे जमले. एरवी रस्त्यारस्त्यांवर नाकाबंदी करून निदर्शकांना माघारी धाडणाऱ्या पोलिसांनी त्या सकाळी मोटारी कोठे उभ्या करायच्या हेदेखील आपुलकीने दाखविले, असे अनेक कामगारांनी पुढे सांगितले आहे. दिवस कडक उन्हाचा होता. कित्येकजण उघड्या अंगाने गवतात पहुडले होते. समोर हजारो पोलीस होते: लांब ढालींची भिंत, मागे घोडेस्वार, बाजूला कुत्री, आणि आखूड ढाल व दंडुका घेतलेल्या तुकड्या. भिंत उघडली, घोडे सुटले, मागोमाग दंडुकेवाले धावले. कामगार शेत ओलांडून, रेल्वेचा पूल ओलांडून गावात पळाले आणि घोडे त्यांच्या मागोमाग गावातील घरांपर्यंत गेले.

संध्याकाळच्या बातम्यांत बीबीसीने आधी कामगारांची दगडफेक दाखविली आणि मग घोड्यांची चढाई. पोलिसांच्याच चित्रफितीत क्रम उलटा होता. आपल्याकडून अनवधानाने क्रम बदलला असे बीबीसीने कबूल केले ते १९९१ साली. मधल्या काळात पंचाण्णव लोकांवर खटले भरले गेले, त्यांतील एकाहत्तर जणांवर दंगलीचा आरोप होता आणि त्या आरोपाला तेव्हा जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. पहिल्या पंधरा जणांचा खटला १९८५ च्या जुलैमध्ये शेफील्डच्या न्यायालयात ढासळला. वेगवेगळ्या पोलिसांनी ‘स्वतः पाहून’ लिहिलेल्या जबान्यांत शब्दाला शब्द जुळणारी वाक्ये निघाली होती. १९९१ साली एकोणचाळीस कामगारांना चार लाख पंचवीस हजार पौंड भरपाई मिळाली, पण पोलिसांनी चूक कबूल केली नाही. जबान्या जुळविल्याबद्दल एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही.

यानंतर दहा वर्षांनी तेच कामगार त्याच परिसरातील गवतावर पुन्हा उभे राहिले. ते आता पन्नाशीला आलेले होते. कित्येकांची खाण केव्हाच बुजली होती. हौशी पलटणींना या लोकांची धास्ती वाटत होती, असे डेलरने सांगून ठेवले आहे. त्यांच्या आजवरच्या लढायांत समोरचा शत्रू साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेला असे. येथे तो शेजारी उभा राहून सिगारेट ओढीत होता आणि ‘असे नव्हते झाले’ म्हणून दुरुस्ती करीत होता. काही माजी खाणकामगारांना पोलिसांचे सोंग घ्यावे लागले. ढालींवर दंडुके आपटण्याचा तोच ताल सुरू झाला, आणि मैदानातून गावाच्या रस्त्यापर्यंत सारा प्रसंग पुन्हा घडला. क्रम मात्र कामगारांच्या आठवणीतला होता. माइक फिगिस यांनी त्यावर काढलेला चित्रपट २००२ साली दूरदर्शनच्या चॅनल फोरवर दाखविला गेला. बीबीसीने बातमीचा क्रम कसा फिरविला हे त्यात टोनी बेन यांनी स्वच्छ सांगितले आहे.

या ठिकाणी दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला आक्षेप सभ्य गृहस्थांचा: ताज्या जखमेवरची खपली कशाला काढायची? याचे उत्तर द्यावयास हवे असे नाही. खपली धरू दिली कोणी?

दुसरा आक्षेप डाव्या बाजूचा आहे आणि तो इतक्या सहज झटकता येत नाही. कामगारवर्गाचा पराभव कलावंताने देखाव्यात मांडला, देखाव्याचे अवशेष संग्रहालयात गेले, कलावंताला पुढे २००४ साली टर्नर पारितोषिकाचा मान मिळाला. कामगाराला काय मिळाले? पराभवाची जत्रा! हा आक्षेप अर्धा खरा आहे. ‘ऑरग्रीव्हची लढाई’ या नावाचे डेलरचे दप्तर आज टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे, आणि कोक भट्ट्यांच्या जागेवर नवी वसाहत आणि नवे उद्योग उभे आहेत. गिरणगावच्या जमिनींवर काय उभे राहिले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यावर वेगळे भाष्य नको. परंतु आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग चुकीचा आहे. त्या रविवारी मैदानात उतरलेले कामगार कोणाची करमणूक करण्यासाठी उतरले नव्हते. जबानी देण्याची संधी त्यांना न्यायालयाने नीट दिली नाही, बातम्यांनी दिली नाही, पार्लमेंटने दिली नाही. ती त्यांनी एका लुटुपुटीच्या लढाईतून घेतली. साक्षीदाराने साक्ष कोणत्या पिंजऱ्यात द्यावी हे निवडण्याची मुभा त्याला नसेल, तर मिळेल त्या पिंजऱ्यातून तो बोलणारच.

मात्र अशा साक्षीच्या मर्यादाही डोळ्याआड करता येणार नाहीत, आणि त्या दाखविण्यासाठी दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची गरज नाही. ७ नोव्हेंबर १९२० रोजी, क्रांतीच्या तिसऱ्या वाढदिवशी, पेट्रोग्राडमध्ये निकोलाय एव्रेइनोव्ह यांनी हिवाळी राजवाड्यावरील चढाईचा प्रचंड देखावा त्याच चौकात उभा केला. हजारो लोक त्यात उतरले आणि सुमारे एक लाख लोकांनी तो पाहिला. १९१७ ची खरी रात्र याच्या मानाने पुष्कळच साधी होती. पुढे याच देखाव्याचे छायाचित्र, नटसंचाच्या खुणा पुसून, खऱ्या चढाईचे म्हणून पुस्तकापुस्तकांतून छापले गेले. क्रांतीला त्या चित्राची गरज नव्हती. ते छापणाऱ्यांनी विरोधकांच्या हाती मात्र एक आयते कोलीत दिले. एक घटना ‘खोट्या फोटोची’ ठरली की सगळी घटनाच खोटी, असे म्हणायला कोणाला वेळ लागतो?

म्हणून ‘लढाई’ या शब्दाकडेही जरा रोखून पाहिले पाहिजे. खाणकामगार स्वतः तो शब्द अभिमानाने वापरतात, त्यांना तो वापरण्याचा हक्क आहे. परंतु लढाई म्हटले की दोन सेना आल्या, आणि दोन सेना आल्या की दोरी आली. सरकारलाही हेच चित्र हवे होते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये थॅचरबाईंनी आपल्या खासदारांपुढे बोलताना संपकऱ्यांना घरातलेच शत्रू ठरविले ते उगाच नव्हे. एका बाजूस ढाल, शिरस्त्राण, घोडा, दंडुका आणि पाठीशी सरकारी वकील. दुसऱ्या बाजूस सदरा, आणि कित्येकांच्या अंगात तोही नाही. याला लढाई म्हणणे हा त्यांच्या धीराचा गौरव असेल, घटनेचे वर्णन नव्हे. डेलरच्या प्रयोगातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच, की पोशाख चढविताच ही विषमता कोणी न सांगता दिसू लागली. सतराव्या शतकातील पलटणींच्या देखाव्यात पोशाख विषमता झाकतो. येथे त्याने ती उघडी केली.

देखाव्याने चौकशीची भूक भागत नाही. २०१२ साली ‘ऑरग्रीव्ह सत्य व न्याय मोहीम’ उभी राहिली. २०१५ साली पोलिसांवरील तक्रारी पाहणाऱ्या आयोगाने औपचारिक तपास नाकारला. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये गृहमंत्री अँबर रड यांनी चौकशीची मागणी फेटाळली. त्या दिवशी कोणी मेले नव्हते आणि कोणाला चुकीची शिक्षा झाली नव्हती, हे त्यांचे एक कारण. म्हणजे एकाहत्तर लोकांना जन्मठेपेच्या छायेत ठेवणारा खटला खोट्या जबान्यांमुळे कोसळला, ही गोष्ट जबान्या लिहिणाऱ्यांच्याच पथ्यावर पडली! अखेर २०२५ च्या जुलैमध्ये सरकारने साक्षीदारांना व कागदपत्रांना हजर करण्याचे कायदेशीर अधिकार असलेली चौकशी जाहीर केली आणि शेफील्डचे बिशप पीट विलकॉक्स यांना तिचे अध्यक्ष नेमले. तोवर एकेचाळीस वर्षे उलटून गेली होती, आणि १९८४ साली शेतातून पळालेल्यांतील कित्येकजण ही घोषणा ऐकायला उरले नव्हते.

दरवर्षी जूनमध्ये या मोहिमेचा मेळावा भरतो. संघटनांचे जुने झेंडे बाहेर निघतात, बँड वाजतो, सँडविचचे डबेही उघडले जातात. गणवेश कोणी चढवीत नाही. नातवंडांना घेऊन आलेले म्हातारे घोडे कोठून आले आणि आपण कोणत्या बाजूने पळालो ते हात करून दाखवितात.